रिकाम्या बुडबुड्याचा घाव

प्रास्ताविक

जुन्या विहिरीच्या काठावर दोरीच्या घर्षणाने दगडाला पडलेल्या खाचा तुम्ही पाहिल्या असतील. मऊ दोर कठीण दगडाला कापतो, याचे नवल वाटते खरे. पण दोर निदान हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो. जो क्षणात उपजतो आणि क्षणात नाहीसा होतो, ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच नसते, असा बुडबुडा पोलादाला खड्डे पाडतो असे कोणी सांगितले, तर मात्र चटकन विश्वास बसत नाही. आपल्या संतवाङ्मयात बुडबुडा क्षणभंगुरतेचे प्रतीक म्हणून येतो. यंत्रशाळेत त्याचे निराळेच रूप दिसते. या वैज्ञानिक लेखात त्या रूपाची ओळख करून घ्यावयाची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• वाहत्या द्रवात बुडबुडे का निर्माण होतात व ते धातूला इजा कशी करतात, हे सांगू शकाल;
• डाय-कास्टिंगच्या साच्यांची झीज कोणकोणत्या कारणांनी होते, त्यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• या विषयातील संशोधनाचा व बंगळुरू शहराचा संबंध सांगू शकाल;
• कार्यकारणभाव दाखविणाऱ्या शब्दांचा वाक्यांत योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. खड्डा कोठून आला?

बंगळुरू हे शहर आज संगणकाच्या व्यवसायामुळे जगभर ओळखले जाते; परंतु त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते यंत्रांचे शहर आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली तेथे विमानांचा कारखाना उभारला. १९५३ मध्ये यंत्रे घडविणारी यंत्रे तयार करणारा हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. पुढे शहराच्या वायव्येस पीण्या ही औद्योगिक वसाहत वाढली आणि हजारो लहानमोठे कारखाने तेथे उभे राहिले. अशा वसाहतींतील अनेक कारखान्यांतून डाय-कास्टिंगचे काम चालते.

डाय-कास्टिंग म्हणजे पोलादी साच्यात वितळलेला धातू जोराने दाबून भरणे व त्यापासून वस्तू तयार करणे. स्कूटरच्या इंजिनावरील कवच, दाराची मूठ, विजेच्या मोटारीचे झाकण अशा कितीतरी वस्तू या रीतीने तयार होतात. मातीचा साचा एकदाच वापरता येतो. ओतीव वस्तू बाहेर काढताना तो मोडावा लागतो. पोलादी साचा, म्हणजेच डाय, पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्याचे दोन भाग यंत्रात घट्ट मिटतात. एक दट्ट्या धातूचा रस पुढे रेटतो. तो रस 'रनर' नावाच्या वाटेने धावतो, 'गेट' नावाच्या अरुंद तोंडातून आत शिरतो आणि वस्तूच्या आकाराची पोकळी भरून टाकतो. रस थिजला की डाय उघडते, वस्तू बाहेर पडते, डायवर फवारा मारला जातो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दिवसभरात अशी शेकडो आवर्तने होतात.

डाय घडविणे हे मोठ्या कौशल्याचे व खर्चाचे काम आहे. लहान कारखान्याच्या दृष्टीने एक डाय म्हणजे फार मोठे भांडवल असते. अॅल्युमिनियमच्या ओतकामात एका डायकडून ढोबळमानाने लाखभर वस्तूंची अपेक्षा धरली जाते. जस्ताच्या कामात त्याहून पुष्कळ अधिक. पण त्याच्या कितीतरी आधी एखाद्या दिवशी तपासणीच्या मेजावर बसलेल्या कामगाराला वस्तूच्या गुळगुळीत अंगावर बारीक पुरळ उठल्यासारखे दिसते. डायवर जेथे खड्डा पडतो, तेथे वस्तूवर उंचवटा उठतो. डाय उघडून भिंग लावून पाहिले, तर पोलादाचा तेवढाच भाग कीड लागलेल्या लाकडासारखा पोखरलेला आढळतो.

मग दोषाची शोधाशोध सुरू होते. पोलाद हलके होते काय? डाय घडविणाऱ्याने हयगय केली काय? यंत्रावरील कामगाराने फवारा नीट मारला नाही काय? काम थांबते, माल परत येतो आणि बोलणी बहुधा त्यालाच खावी लागतात, ज्याच्या हातात काम असते. खड्ड्यात वेल्डिंग करून तो बुजविला जातो. काही आठवड्यांनी त्याच जागी तो पुन्हा उमटतो. तसे झाले की समजावे, या खड्ड्याचा कर्ता माणसांत नव्हे, तर वाहत्या रसात शोधला पाहिजे.

२. विस्तवावाचून उकळणे

रसाकडे वळण्यापूर्वी पाण्याचा विचार करू. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे आपण शाळेत शिकतो. समुद्रसपाटीवर ते खरे आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब थोडा कमी असल्यामुळे पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते. प्रेशर कुकरमध्ये नेमके याच्या उलट घडते. दाब वाढल्यामुळे पाणी अधिक तापते आणि डाळ लवकर शिजते. म्हणजे पाणी केव्हा उकळणार, हे केवळ उष्णतेवर नव्हे, तर दाबावरही अवलंबून असते. दाब उतरवीत उतरवीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चोविसाव्या हिश्श्याइतका केला, तर ३० अंश तापमानाचे साधे पाणीदेखील विस्तवावाचून उकळू लागते.

याची झलक घरीही पाहता येते. सुई नसलेल्या नव्या, स्वच्छ सिरिंजमध्ये थोडे कोमट पाणी घ्यावे, आतील हवा काढून टाकावी, तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. पाण्यात बुडबुडे दिसू लागतात. त्यांत पाण्याची वाफ असते आणि पाण्यात विरघळलेली हवाही असते. दट्ट्या सोडताच दाब पूर्ववत होतो आणि बुडबुडे आक्रसून जातात.

वाहत्या द्रवात दट्ट्या ओढावा लागत नाही. वेगच ते काम करतो. नदीचे पात्र अरुंद झाले की पाणी वेगाने धावू लागते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. बंद नळीतही तसेच होते. जेथे वाट अरुंद, तेथे वेग अधिक. आणि जेथे वेग अधिक, तेथे द्रवाचा दाब कमी. डॅनियल बर्नुली या शास्त्रज्ञाने वेग आणि दाब यांचा हा संबंध १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. वेग फार वाढला की एखाद्या ठिकाणी दाब इतका उतरतो की द्रव तुटतो आणि तेथे बारीक पोकळ्या तयार होतात. प्रवाह त्यांना पुढे वाहून नेतो. पुढे वाट रुंदावते, वेग मंदावतो, दाब पुन्हा चढतो आणि बुडबुडे एकाएकी कोसळतात.

मोकळ्या द्रवाच्या मध्यभागी बुडबुडा कोसळला, तर त्यापासून सहसा अपाय होत नाही. पण तो धातूच्या भिंतीलगत असला, तर त्याच्यावर सर्व बाजूंनी सारखा भार येत नाही. भिंतीच्या बाजूने द्रवाला आत धावून येण्यास वाव नसतो. समोरच्या बाजूने मात्र तो वेगाने घुसतो. परिणामी बुडबुड्याच्या आरपार द्रवाची एक बारीक धार सुटते आणि भिंतीवर आदळते. तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जाऊ शकतो. शिवाय बुडबुडा मिटताना उठणाऱ्या दाबाच्या लाटाही भिंतीवर बसतात. एका आघाताने काही होत नाही. पण असे लाखो आघात एकाच जागी बसले की धातू थकतो, त्याचे कण सुटू लागतात आणि खड्डा पडतो.

या क्रियेला कारखान्यांत 'कॅव्हिटेशन' म्हणतात. या पाठात तिला 'पोकळीभवन' म्हटले आहे. विहिरीवरील पंपातून कधी कधी खडे घोळल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. पंपात खडे शिरलेले नसतात. पाणी ओढून घेण्याच्या बाजूचा दाब फार उतरलेला असतो आणि असंख्य बुडबुडे फुटत असतात. तो आवाज म्हणजे पंपाच्या पंख्याला बसणाऱ्या माराची वर्दीच असते.

पाठगत प्रश्न १

(अ) बंगळुरूत पाणी १०० अंशांपेक्षा कमी तापमानाला का उकळते?
(आ) मोकळ्या द्रवातील बुडबुड्यापेक्षा भिंतीलगतचा बुडबुडा अधिक घातक का असतो?

३. जहाजाच्या पंख्याची गोष्ट

पोकळीभवनाचा उपद्रव माणसाला प्रथम जाणवला तो समुद्रावर. १८९३ साली पाण्यात उतरलेल्या 'डेअरिंग' या ब्रिटिश युद्धनौकेने चाचणीत अपेक्षित वेग गाठला नाही. इंजिनाची शक्ती पुरेशी होती. परंतु पाण्याखालील पंखा वेगाने फिरताना त्याच्या पात्यांवर पोकळ्या निर्माण होत आणि पंख्याची पाण्यावरची पकड सुटे. पात्यांचे क्षेत्रफळ वाढविल्यावर नौकेचा वेग सुधारला. पुढच्याच वर्षी चार्ल्स पार्सन्स यांनी 'टर्बिनिया' ही नौका बांधली. तिच्यापुढेही हीच अडचण उभी राहिली. पार्सन्स यांनी एका लहान पात्रात पंखे फिरवून बुडबुड्यांचे निरीक्षण केले, एका दांड्याऐवजी तीन दांडे व त्यांवर नऊ पंखे बसविले आणि १८९७ मध्ये त्यांच्या नौकेने आपल्या वेगाने सर्वांना थक्क केले.

वेगाचा प्रश्न सुटला, तरी झिजेचा प्रश्न उरलाच. मोठमोठ्या जहाजांचे पंखे थोड्याच काळात पोखरले जात. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणिताने दाखवून दिले की, द्रवातील गोल पोकळी कोसळताना तिच्याभोवती हजारो वातावरणांइतका दाब उत्पन्न होऊ शकतो. पोलाद का हार खाते, याचे उत्तर त्या गणितात होते.

४. बंगळुरूतील अभ्यास

पाण्याच्या शक्तीशी बंगळुरूचा संबंध जुना आहे. कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत केंद्र सुरू झाले. तेथील वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९०५ मध्ये तिने बंगळुरूचे रस्ते उजळले. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून साकारलेली भारतीय विज्ञान संस्था याच शहरात १९०९ साली स्थापन झाली. देशात धरणे व वीजकेंद्रे वाढू लागली, तशी पाण्याच्या चक्रांची व दारांची झीज हा अभियंत्यांच्या चिंतेचा विषय झाला. या संस्थेतील एन. एस. गोविंद राव व ए. तिरुवेंगडम यांनी पोकळीभवनाने होणाऱ्या हानीचा अंदाज आधीच कसा बांधता येईल, या विषयावर संशोधन केले. त्यांचा निबंध १९६१ साली अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतरच्या पिढीतील विजय अरकेरी यांनी बुडबुडा नेमका कोठे जन्मतो, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञान संस्थेत अॅलन अॅकोस्टा यांच्यासमवेत केलेले त्यांचे काम १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. गोलसर, गुळगुळीत तोंडाच्या वस्तूवरून पाणी वेगाने वाहू दिले असता प्रवाह एका ठिकाणी वस्तूच्या पृष्ठभागापासून सुटतो; पोकळीभवनाचा आरंभ त्या सुटण्याशी निगडित असतो, असे त्यांना दिसून आले. पुढे अरकेरी यांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले.

प्रवाह जेथे पृष्ठभागाची साथ सोडतो, तेथे लक्ष द्यावे, ही गोष्ट पाण्याच्या अभ्यासातून पुढे आली. पण ती पाण्यापुरती मर्यादित नाही. डायमध्ये धावणाऱ्या धातुरसालाही ती लागू पडते.

पाठगत प्रश्न २

(अ) 'डेअरिंग' नौकेच्या बाबतीत कोणता उपाय करण्यात आला?
(आ) अरकेरी व अॅकोस्टा यांच्या निरीक्षणाचा गाभा एका वाक्यात सांगा.

५. धातुरसाची धाव

डायच्या अरुंद तोंडातून धातुरस सेकंदाला ३० ते ५० मीटर वेगाने आत शिरतो. सेकंदाला ४० मीटर म्हणजे ताशी १४४ किलोमीटर! लहान वस्तूची पोकळी सेकंदाच्या काही शतांश भागात भरते. पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो. इतकी घाई करावी लागते, कारण पोलादी डाय रसापेक्षा पुष्कळ थंड असते. रस रेंगाळला, तर वाटेतच थिजेल आणि वस्तू अपुरी राहील.

या धावेत वाटेवर एखादा काटकोनी कोपरा आला, तर रसाला तो वळसा घालता येत नाही. धावती बैलगाडी अरुंद वळणावर आतल्या कडेला चिकटून राहू शकत नाही, तसाच रस कोपऱ्याच्या आतल्या बाजूपासून सुटतो. तेथे दाब उतरतो आणि पोकळी तयार होते. वाट मध्येच एकदम रुंद झाली, तरी हाच प्रकार घडतो.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि ओतकामात ते सुमारे ४२० अंश तापमानाला वापरतात. अॅल्युमिनियमचा उत्कलनबिंदू तर २४०० अंशांच्याही वर आहे. मग बुडबुड्यांसाठी वाफ कोठून येणार? त्याचे उत्तर असे की, डायमधील बुडबुड्यांत धातूची वाफ अगदीच थोडी असते. रसाने वाटेत ओढून घेतलेली हवा व फवाऱ्यातील पदार्थ जळून झालेले वायू त्यांत असतात. अशी पोकळी जवळजवळ रिकामीच असते. म्हणून ती कोसळताना तिला आतून आधार देणारे फारसे काही नसते.

पोकळी पूर्ण भरण्याच्या क्षणी दट्ट्यापुढची वाट संपते आणि रसातील दाब क्षणार्धात शेकडो वातावरणांपर्यंत चढतो. त्यासरशी रसातील बुडबुडे कोसळतात. जे भिंतीला बिलगलेले असतात, ते तिच्यावर घाव घालून जातात. वितळलेले जस्त पाण्याच्या सहा पटींहून अधिक जड असते. त्यामुळे त्याच्या धारेचा मारही पाण्याच्या धारेहून भारी असतो. त्यात पोलाद तापलेले असते आणि तापलेल्या पोलादाची सहनशक्ती कमी झालेली असते. प्रत्येक वस्तूमागे एकदा, असा हा मार डायला सोसावा लागतो.

६. खड्ड्याची साक्ष

डायवरील प्रत्येक व्रण पोकळीभवनाचाच असतो, असे मात्र समजू नये. डायला चार प्रमुख व्याधी जडतात आणि प्रत्येकीचे लक्षण निराळे असते.

पहिली व्याधी उष्णतेची. रसाने तापणे व फवाऱ्याने निवणे हे चक्र सतत चालल्यामुळे पोलादावर भेगांचे बारीक जाळे उमटते. उन्हाळ्यात तळ्याचा तळ तडकतो, तसे ते दिसते. दुसरी व्याधी चिकटण्याची. अॅल्युमिनियमला लोखंडाची ओढ असते. तापलेल्या जागी ते पोलादाला बिलगते आणि सुटताना त्याचा अंश घेऊन जाते. अशा जागी धातूचे चकचकीत थर साचलेले दिसतात. तिसरी व्याधी घासण्याची. रसाची धार गेटसमोरील भागावर थेट आपटते आणि तो भाग प्रवाहाच्या दिशेने झिजत जातो.

चौथी व्याधी पोकळीभवनाची. तिचे खड्डे खडबडीत, सच्छिद्र आणि एका ठिकाणी दाटलेले असतात. धार जेथे समोरून आपटते तेथे ते नसतात. कोपऱ्याच्या पलीकडे, आडोशाला, जेथे रस भिंतीपासून सुटून पुन्हा तिच्याकडे परततो तेथे ते आढळतात. म्हणून खड्डा पाहताना तो केवढा आहे, यापेक्षा तो कोठे आहे, हे आधी पाहावे. त्याची जागा ही त्याची साक्ष असते. ती साक्ष ऐकून घेतली, तर निरपराध माणसावर ठपका येत नाही आणि वेल्डिंगवर होणारा वारंवारचा खर्चही टळतो.

७. वाट सोपी करणे

अधिक कठीण पोलाद वापरणे, हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो. त्याचा काही अंशी उपयोग होतो. क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम मिसळलेले, उष्णता सोसणारे पोलाद डायसाठी वापरतात. नायट्रोजनची प्रक्रिया करून त्याचा पृष्ठभाग आणखी कठीण करता येतो. परंतु पोलाद फार कठीण केले तर ते ठिसूळ होते व उष्णतेने तडकू लागते. शिवाय बुडबुडे जन्माला येतच राहिले, तर आघातही होतच राहतात. टणक पोलाद त्यांना काही काळ थोपवून धरते, इतकेच.

खरा उपाय आहे तो रसाची वाट सोपी करण्याचा. काटकोनी कोपऱ्यांना गोलाई द्यावी. वळणे सौम्य ठेवावीत. रनरचा छेद दट्ट्याकडून गेटकडे क्रमाक्रमाने लहान होत जावा. मध्येच एकदम रुंद होऊ नये. वाट अशी निमुळती असली की रस तिच्या भिंतींना धरून चालतो, त्याचा दाब टिकून राहतो आणि हवा आत ओढली जात नाही. वेग गरजेपुरताच ठेवावा. आतील हवेला बाहेर पडण्यासाठी झरोके मोकळे असावेत. आज रसाची वाटचाल संगणकावर आधीच पाहता येते. त्यामुळे पोलाद कापण्यापूर्वीच संशयित कोपरे ओळखता येतात.

ही कामे करण्यास मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. बंगळुरूमध्ये डेन्मार्कच्या सहकार्याने १९७२ साली शासकीय टूलरूम व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. साचे व डाय घडविण्याचे शास्त्र व कौशल्य तेथे तरुण शिकतात. कोपरा किती गोल करावा, हे कागदावरचे गणित सांगते. तो तसा झाला की नाही, हे अखेर कारागिराचे बोट सांगते. डायच्या वाटेवरून हळूच फिरणाऱ्या त्या बोटाला जेथे धार लागते, तेथे उद्या बुडबुडा जन्मणार असतो. आज ती धार घासून काढली, तर उद्याचा खड्डा टळतो. ज्याला बहुधा शेवटी बोल लावला जातो, त्याच माणसाच्या हाती असे निवारणही असते. मात्र त्याला कारण ठाऊक असले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले पाहिजे.

पाठगत प्रश्न ३

योग्य पर्याय निवडा.
(अ) पोकळीभवनाचे खड्डे बहुधा – (१) धार थेट आपटते तेथे (२) कोपऱ्यापलीकडे आडोशाला (३) डायच्या बाहेरील बाजूस – आढळतात.
(आ) रनरचा छेद गेटकडे जाताना – (१) एकदम रुंद व्हावा (२) क्रमाने लहान व्हावा (३) वारंवार बदलावा.

शब्दार्थ

हयगय – निष्काळजीपणा
दट्ट्या – नळीत पुढेमागे सरकून द्रव रेटणारा दांडा
आक्रसणे – आकुंचन पावणे
वर्दी – आगाऊ सूचना, खबर
उत्कलनबिंदू – द्रव ज्या तापमानाला उकळतो ते तापमान
सच्छिद्र – छिद्रे असलेले
छेद – आडवा काप घेतल्यावर दिसणारा आकार
निवारण – दूर करणे
ठपका येणे – दोष अंगावर येणे

भाषाविचार

१. बाष्प + भवन = बाष्पीभवन, द्रव + भवन = द्रवीभवन हे शब्द तुम्हांला ठाऊक आहेत. 'जे नव्हते ते होणे' असा अर्थ त्यांत आहे. त्याच धर्तीवर 'पोकळी' या मराठी शब्दाला 'भवन' जोडून 'पोकळीभवन' हा शब्द या पाठात योजला आहे. नवी संकल्पना भाषेत आणताना ओळखीच्या शब्दांचा असा आधार घेतला जातो.

२. वैज्ञानिक लेखात कारण आणि परिणाम यांची सांगड महत्त्वाची असते. 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण', 'परिणामी' हे शब्द ती सांगड घालतात. उदा. 'भिंतीच्या बाजूने द्रवाला वाव नसतो. समोरच्या बाजूने मात्र तो वेगाने घुसतो. परिणामी बुडबुड्याच्या आरपार द्रवाची एक बारीक धार सुटते.'

३. अपरिचित गोष्ट समजावून देण्यासाठी लेखात परिचित दृष्टान्त आले आहेत : कीड लागलेले लाकूड, धावती बैलगाडी, तडकलेले तळे. येथे दृष्टान्तांचा उद्देश अर्थ स्पष्ट करणे हा आहे.

आपण काय शिकलात

• द्रवाचा दाब फार उतरला की त्यात पोकळ्या निर्माण होतात व दाब चढताच त्या कोसळतात.
• भिंतीलगत कोसळणारे बुडबुडे धातूला खड्डे पाडतात.
• डायमधील धातुरस तीव्र कोपऱ्यावर भिंतीपासून सुटतो, तेव्हा पोकळीभवनाला वाव मिळतो.
• झिजेचे कारण ओळखण्यासाठी खड्ड्याचे स्वरूप व त्याची जागा पाहावी.
• पोलाद कठीण करण्यापेक्षा प्रवाहाची वाट सुगम करणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे.

पाठान्त प्रश्न

१. डाय-कास्टिंगची कृती तुमच्या शब्दांत क्रमाने लिहा.
२. पाणी विस्तवावाचून कसे उकळू शकते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
३. डायच्या चार व्याधी व त्यांची लक्षणे यांचा तक्ता तयार करा.
४. 'त्याची जागा ही त्याची साक्ष असते' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. 'कारण' व 'त्यामुळे' या शब्दांचा उपयोग करून पंपाच्या खडखडाटाविषयी दोन वाक्ये लिहा.
६. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी एखादी वस्तू वारंवार एकाच जागी बिघडते काय? तिची जागा, स्वरूप व संभाव्य कारण यांची नोंद दहा-बारा ओळींत करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बंगळुरू उंचावर असल्यामुळे तेथे हवेचा दाब कमी असतो. (आ) भिंतीच्या बाजूने द्रव आत येऊ शकत नाही. समोरून सुटलेली द्रवाची धार भिंतीवर आदळते.
२. (अ) पंख्याच्या पात्यांचे क्षेत्रफळ वाढविण्यात आले. (आ) पोकळीभवनाचा आरंभ प्रवाह पृष्ठभागापासून सुटण्याशी निगडित असतो.
३. (अ) कोपऱ्यापलीकडे आडोशाला. (आ) क्रमाने लहान व्हावा.